घुसखोरी रोखणारे नियम कसे वाचावेत, कसे तपासावेत आणि 'ड्रॉप'वर कधी टाकावेत

भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्याच्या नेटवर्कवर काही वर्षांपूर्वी मी घुसखोरी-प्रतिबंधक प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातली 'आयपीएस', बसवली आणि उत्साहाच्या भरात तयार नियमसंचातील जवळजवळ सगळे नियम एकाच वेळी 'ड्रॉप' या कृतीवर, म्हणजे जुळणारी वाहतूक थेट अडवण्यावर, टाकले. पहिल्या आठवड्यात कोणाचीही तक्रार आली नाही, त्यामुळे काम चोख झाले असा माझा समज झाला. तीन आठवड्यांनी लक्षात आले की त्या दिवसापासून तिथल्या लिनक्स सर्व्हरवर एकही सुरक्षा-अपडेट उतरलेले नव्हते. नियमसंचात असा एक नियम असतो, जो आतील लिनक्स यंत्र बाहेरून पॅकेज उतरवत असल्याची फक्त नोंद घेतो. हल्ल्याशी त्याचा काही संबंध नसतो. मी त्यालाही ड्रॉपवर टाकले होते आणि सुरक्षेसाठी बसवलेली पेटी इमानेइतबारे सुरक्षेचेच अपडेट अडवत बसली होती.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो: जो नियम मला वाचून दाखवता येत नाही, तो ड्रॉपवर जात नाही. पुढील मार्गदर्शन त्याच शिस्तीभोवती रचलेले आहे. पुण्यातील एखादे पंचवीस-तीस संगणकांचे कार्यालय, कारखाना किंवा शिकवणी वर्ग सांभाळणारी व्यक्ती मी वाचक म्हणून डोळ्यांसमोर ठेवली आहे.

फायरवॉल, कॅमेरा आणि नाकाबंदी

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद असतो. गाडीत कोण आहे आणि डिकीत काय आहे याच्याशी त्या बंदीला कर्तव्य नसते. फायरवॉलचे काम साधारण तसे चालते. कोणत्या पत्त्याकडून, कोणत्या पोर्टवर, कोणत्या दिशेने जायचे एवढे ती प्रामुख्याने पाहते. चौकातला कॅमेरा म्हणजे घुसखोरी-शोधक प्रणाली, आयडीएस: दंडाची पावती घरी येते, पण गाडी तोपर्यंत निघून गेलेली असते. नाकाबंदीत गाडी बाजूला घेऊन डिकी उघडायला लावणारा हवालदार म्हणजे आयपीएस. तो वाहतुकीच्या मधोमध उभा असतो, म्हणून तो रोखू शकतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याची चूक सगळ्यांना भोवते.

मुक्त स्रोतातील दोन इंजिने या क्षेत्रात प्रमुख आहेत. मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये सुरू केलेले स्नॉर्ट आज सिस्कोकडे आहे, तर २०१० मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेले सुरिकाटा ओआयएसएफ ही ना-नफा संस्था सांभाळते. दोघांच्या नियमांची भाषा बहिणी-बहिणींसारखी आहे, तरी एकीचा नियम दुसरीत जसाच्या तसा चालेलच असे धरून चालू नये. मी उदाहरणे सुरिकाटाची घेतो. बाजारातील तयार फायरवॉल-पेट्यांमध्ये हेच नियम 'सिग्नेचर' या नावाने, चौकोनावर खूण करायच्या रूपात दिसतात. आतले तत्त्व फारसे वेगळे नसते.

एक नियम जवळून

शिकण्यासाठी मी नेहमी एकाच जुन्या नियमापासून सुरुवात करतो. येथे तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये तो अर्थातच रोमन लिपीत असतो.

अलर्ट आयपी एनी एनी -> एनी एनी (एमएसजी:"जीपीएल अटॅक_रिस्पॉन्स आयडी चेक रिटर्न्ड रूट"; कंटेंट:"यूआयडी=०|२८|रूट|२९|"; क्लासटाइप:बॅड-अननोन; एसआयडी:२१००४९८; रेव्ह:७;)

कंसाच्या आधीचा भाग म्हणजे नियमाचे शीर्ष. त्यात अनुक्रमे कृती, प्रोटोकॉल, उगमाचा पत्ता व पोर्ट, दिशादर्शक बाण आणि गंतव्याचा पत्ता व पोर्ट येतात. येथे कृती 'अलर्ट' आहे, म्हणजे नोंद करा पण जाऊ द्या. चारही ठिकाणी 'एनी' असल्यामुळे हा नियम कोणाकडूनही कोणाकडेही जाणाऱ्या वाहतुकीला लागू होतो.

कंसातला भाग म्हणजे अटी आणि माहिती. 'कंटेंट' ही खरी अट आहे. उभ्या रेघांमधील २८ आणि २९ हे षोडशमान पद्धतीतील बाइट असून ते गोल कंस उघडण्याची आणि मिटण्याची चिन्हे आहेत, म्हणजे शोधायचा मजकूर 'यूआयडी=०(रूट)' असा होतो. लिनक्सवर 'आयडी' ही आज्ञा रूट या सर्वाधिकारी खात्यातून चालवली की उत्तराची सुरुवात याच अक्षरांनी होते. हल्लेखोर सर्व्हरमध्ये शिरल्यावर 'मी कोण म्हणून आत आलो' हे पाहण्यासाठी बहुधा हीच आज्ञा देतो, आणि तिचे उत्तर नेटवर्कवरून बाहेर जाताना दिसले तर काहीतरी गडबड आहे, असा नियमकर्त्याचा तर्क आहे. 'एसआयडी' हा नियमाचा कायमचा क्रमांक, 'रेव्ह' ही त्याची सुधारित आवृत्ती. स्वतः लिहिलेल्या नियमांना १०,००,००० पासून पुढचे क्रमांक द्यायची पद्धत आहे, तर इमर्जिंग थ्रेट्स या प्रसिद्ध संचाचे क्रमांक २०,००,००० च्या पुढे असतात.

आता या नियमाचा कच्चा दुवा पाहा. कोणी एखाद्या असुरक्षित एचटीटीपी पानावर लिनक्सचा धडा वाचत असेल आणि त्यात हेच उत्तर उदाहरणादाखल छापलेले असेल, तरीही नियम ओरडतो. तो एवढेच सांगतो की अमुक अक्षरे तारेवरून गेली. हल्ला झाला का आणि यशस्वी झाला का, हे त्याला ठाऊक नसते. अलर्टचे शीर्षक वाचून घाबरणे आणि अलर्टची अट वाचून विचार करणे, या दोन अगदी वेगळ्या सवयी आहेत.

चांगला लिहिलेला नियम शंकेला जागा कमी ठेवतो. 'फ्लो:एस्टॅब्लिश्ड,टू_सर्व्हर' लिहिले की जोडणी पूर्ण झालेली असली पाहिजे आणि पॅकेट सर्व्हरच्या दिशेने जात असले पाहिजे. 'एचटीटीपी.यूआरआय' लिहिले की त्यानंतरचा मजकूर सगळ्या पॅकेटमध्ये न शोधता फक्त मागितलेल्या पत्त्यात शोधला जातो. 'फास्ट_पॅटर्न' हा शब्द इंजिनाला सांगतो की आधी याच तुकड्याची चाळण लाव आणि तो सापडला तरच बाकीच्या अटी तपास. केवळ 'पीसीआरई', म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, वापरलेला आणि एकही 'कंटेंट' नसलेला नियम या चाळणीला मुकतो आणि पेटीचा दम काढतो. असा नियम कोणी पाठवला तर मी तो परत करतो.

फायरवॉलमधून येणाऱ्यांची एक ठरलेली गफलत येथे सांगायला हवी. फायरवॉलमध्ये बहुधा वरून खाली वाचत पहिला जुळणारा नियम लागू होतो. सुरिकाटात फाइलमधील क्रमाला तसे महत्त्व नाही. एकाच पॅकेटवर अनेक नियम जुळू शकतात आणि मूळ मांडणीत कृतींचा क्रम पास (न तपासता जाऊ द्या), ड्रॉप, रिजेक्ट (अडवा आणि पाठवणाऱ्याला तसे कळवा), अलर्ट असा असतो. म्हणूनच घाईत लिहिलेला एक सैल 'पास' नियम शंभर चांगल्या ड्रॉप नियमांना निकामी करू शकतो, आणि त्याचा लॉगमध्ये पत्ताही लागत नाही.

पेटी कुठे ठेवायची

मे २०१७ मधील वॉनाक्राय हा हल्ला पोर्ट ४४५ वरील एसएमबी या फाइल-वाटपाच्या सेवेतल्या दोषाचा फायदा घेऊन पसरला. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरचे अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. समजा आपली आयपीएस फक्त इंटरनेटच्या दारात उभी आहे आणि कोणी घरून बाधित लॅपटॉप आणून कार्यालयाच्या स्विचला जोडला. लॅपटॉप ते शेजारचा संगणक ही वाहतूक दारापर्यंत येतच नाही, त्यामुळे जगातला सर्वोत्तम नियमही ती पाहू शकत नाही. कारखान्यात म्हणूनच कार्यालयाचे नेटवर्क आणि यंत्रांचे नेटवर्क वेगळे करून त्यांच्यामधील वाट आयपीएसमधून नेणे मला इंटरनेटच्या दारावरील पहाऱ्याइतकेच आवश्यक वाटते. सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्रांचे जुने नियंत्रक अपडेट होत नाहीत. त्यांच्यासमोर उभा असलेला नियम हाच त्यांचा आधार असतो.

जागा ठरली की 'होम_नेट', म्हणजे रक्षण करायचे आतले पत्ते सांगणारे चल, नीट भरावे. सुरिकाटाच्या मूळ फाइलमध्ये १९२.१६८.०.०/१६, १०.०.०.०/८ आणि १७२.१६.०.०/१२ हे तिन्ही खासगी पट्टे त्यात असतात, आणि 'एक्स्टर्नल_नेट' म्हणजे त्याव्यतिरिक्त सगळे. परिणामी, 'बाहेरून आत' असे लिहिलेले नियम आतल्या आत चालणाऱ्या वाहतुकीला लागूच होत नाहीत. वरच्या उदाहरणातील मधल्या वाटेवरच्या पेटीसाठी 'होम_नेट' म्हणजे फक्त यंत्रांचा पट्टा, असे जाणीवपूर्वक बदलावे लागते.

दोन तांत्रिक गोष्टी अनेकदा राहून जातात. नेटवर्क कार्डे लहान पॅकेट एकत्र करून मोठी बनवून देतात. 'जीआरओ' आणि 'एलआरओ' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या सोयी आयपीएसच्या कार्डांवर 'एथटूल'ने बंद कराव्यात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पुण्यात एक लाइन बंद पडली की काम अडू नये म्हणून दोन कंपन्यांचे इंटरनेट घेणारी कार्यालये पुष्कळ आहेत. विनंती एका लाइनने आणि उत्तर दुसऱ्या लाइनने गेले, आणि पेटी एकाच लाइनवर असली, तर तिला अर्धेच संभाषण ऐकू येते. जोडणी 'एस्टॅब्लिश्ड' झाल्याचे तिला कळत नाही आणि तशी अट असलेले नियम गप्प बसतात. अलर्ट अचानक कमी झाले तर आनंद मानण्याआधी हे तपासावे.

नियम पाहू शकत नाही ते

बहुतांश वेब-वाहतूक आता टीएलएसने कूटबद्ध असते. उलगडा न करणाऱ्या पेटीला त्यातील मजकूर दिसत नाही. तिला पत्ता, पोर्ट, सुरुवातीच्या हातमिळवणीतील साइटचे नाव आणि त्या हातमिळवणीचा ठसा एवढेच सहसा मिळते. टीएलएस १.३ मध्ये तर सर्व्हरचे प्रमाणपत्रही झाकलेले जाते. आपल्याच वेब-सर्व्हरचे रक्षण करायचे असेल, तर कूटबद्धता जिथे उलगडते त्या रिव्हर्स प्रॉक्सीच्या मागे पेटी ठेवणे हा सरळ उपाय आहे. कर्मचाऱ्यांची सर्व वाहतूक उलगडून पाहण्याचा पर्यायही पेट्या देतात, परंतु त्यात बँकेचे आणि आरोग्याचे व्यवहार येतात. लेखी धोरण आणि मालकाची संमती असल्याशिवाय मी त्या बटणाला हात लावत नाही.

दुसरी मर्यादा हल्लेखोराच्या चतुराईची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतील दोष जाहीर झाला तेव्हा पहिले नियम डॉलर, महिरपी कंस आणि 'जेएनडीआय' ही अक्षरे शोधत होते. लगेच हल्लेखोरांनी तीच अक्षरे एकात एक दडवलेल्या पदावल्यांतून, एकेक अक्षर तोडून पाठवायला सुरुवात केली आणि नियमकर्त्यांना एकामागून एक नवे नियम काढावे लागले. अशा वेळी आत येणाऱ्या अक्षरांपेक्षा नंतरच्या वागणुकीवरचा नियम, म्हणजे आपला सर्व्हर अचानक बाहेरच्या अनोळखी एलडॅप (निर्देशिका-सेवा) सर्व्हरशी बोलू लागला आहे का हे पाहणारा नियम, अधिक टिकाऊ ठरतो.

महिनाभर फक्त पाहा

आता प्रत्यक्ष काम. पेटी वाहतुकीच्या मध्ये बसवण्याचे काम भोसरीसारख्या भागात गुरुवारी करावे, कारण तो साप्ताहिक सुट्टीचा वार असतो. लिनक्सवर एनएफक्यू पद्धत, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलने पॅकेट रांगेतून सुरिकाटाकडे सोपवण्याची पद्धत, वापरत असाल तर आयपीटेबल्स या फायरवॉलच्या ओळीत 'क्यू-बायपास' लिहायला विसरू नका. त्यामुळे सुरिकाटा बंद पडली तर वाहतूक अडून न राहता पुढे जाते. बँकेच्या मुख्य सर्व्हरसाठी याउलट निर्णय योग्य असू शकेल, पण तो निर्णय आधी घ्यायचा असतो, बंद पडल्यावर नव्हे.

'सुरिकाटा-अपडेट' चालवून नियमसंच उतरवा, 'सुरिकाटा -टी' या पर्यायाने रचना तपासा आणि सेवा सुरू करा. मग आतल्या संगणकावरून 'कर्ल' वापरून टेस्टमायनिड्स डॉट ऑर्ग या चाचणी-साइटचे यूआयडी पान साध्या एचटीटीपीने मागवा. वर पाहिलेला २१००४९८ हा नियम जुळून 'फास्ट.लॉग'मध्ये ओळ उमटली पाहिजे. उमटली नाही तर पुढे जाऊ नका. चुकीचे कार्ड, चुकीचे 'होम_नेट' किंवा अर्धवट वाहतूक यांपैकी काहीतरी आहे.

त्यानंतर एक पूर्ण महिना सगळे नियम अलर्टवरच ठेवा. दोन आठवडे पुरतात असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. दर महिन्याला विवरण भरणाऱ्या व्यवसायाची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते, पगार महिनाअखेरीस होतात, आणि या दिवशीची वाहतूक इतर दिवसांसारखी नसते. नेमक्या २० तारखेला संध्याकाळी लेखापालाचे पोर्टल अडवणारा नियम तांत्रिकदृष्ट्या कितीही शुद्ध असो, दुसऱ्या दिवशी पेटी बाजूला काढायचाच आदेश येतो.

आकडेमोड करून पाहा. दिवसाला ५०,००० जोडण्या होणाऱ्या कार्यालयात नियमांची चूक हजारात एक इतकीच धरली, तरी रोज ५० चुका होतात. अलर्टवर त्या लॉगमधील ५० ओळी असतात. ड्रॉपवर ती ५० माणसांची अडलेली कामे असतात.

अलर्टचा माग

सुरिकाटाच्या 'ईव्ह' लॉगमध्ये प्रत्येक घटनेसोबत 'फ्लो_आयडी' असतो. अलर्टचा फ्लो_आयडी घेऊन शोध घेतला की त्याच जोडणीतील डीएनएस, एचटीटीपी आणि टीएलएस या नोंदी एकत्र सापडतात आणि गोष्ट उलगडते.

एकदा '.टॉप या डोमेनसाठी डीएनएस विचारणा, संशयास्पद असण्याची शक्यता' असा अलर्ट एका कार्यालयात दिवसाला चाळीसेक वेळा येत होता आणि उगमाचा पत्ता प्रत्येक वेळी १९२.१६८.१.२ होता. तिथल्या मुलाने तो पत्ता तत्काळ बंद करायची तयारी केली. तो पत्ता कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरचा होता! सगळ्यांच्या विचारणा तोच बाहेर नेत असल्याने पेटीला फक्त तोच दिसत होता. तो बंद केला असता तर अख्ख्या कार्यालयाचे इंटरनेट गेले असते. डीएनएस सर्व्हरचा स्वतःचा लॉग उघडल्यावर खरा संगणक सापडला, आणि त्यावर ब्राउझरचे एक फुकट एक्स्टेन्शन जाहिराती ओढत होते. एक्स्टेन्शन काढले, अलर्ट थांबले. नियम बरोबर होता, फक्त त्याने बोट दाखवले ते निरोप्याकडे.

प्रत्येक वारंवार येणाऱ्या अलर्टसाठी तीनच प्रश्न विचारा: नियमाची अट नेमकी काय आहे, ती अट पूर्ण करणारी वाहतूक कोणत्या कामाची आहे, आणि ते काम थांबले तर कोण फोन करील? ज्या यंत्रावर जी सेवाच नाही, तिच्यावरील हल्ल्याचे नियम 'डिसेबल.कॉन्फ' फाइलमध्ये क्रमांक लिहून बंद करता येतात. एखादा नियम एकाच यंत्राबाबत खोटा इशारा देत असेल, तर पूर्ण नियम मारण्याऐवजी त्या पत्त्यापुरता 'सप्रेस', म्हणजे इशारा दाबणारी ओळ, लिहावा. काही नियमांत 'फ्लोबिट्स' आणि 'नोअलर्ट' दिसेल. ते स्वतः बोलत नाहीत. दुसऱ्या नियमासाठी खूण करून ठेवतात. ते निरुपयोगी समजून काढले तर तो दुसरा नियम आंधळा होतो, आणि ड्रॉपवर टाकले तर पुरावा पुरा होण्याआधीच वाहतूक कापली जाते.

ड्रॉपवर नेणे

महिन्याच्या नोंदींवरून यादी करा. नेमक्या दोषावर लिहिलेले, दिशा आणि प्रवाहाची अट असलेले, आणि महिनाभरात एकही खोटा इशारा न दिलेले नियम आधी घ्या. ज्ञात मालवेअरच्या नियंत्रण-सर्व्हरशी होणाऱ्या संपर्काचे नियमही याच फळीत येतात. 'धोरण', 'माहिती' अशा गटांतील नियम अलर्टवरच राहू द्या. माझ्या कारखान्याची कथा त्यांचीच होती. बदल 'ड्रॉप.कॉन्फ'मध्ये लिहावा, नियमांच्या मूळ फाइलमध्ये नव्हे, कारण पुढचे अपडेट ती फाइल पुसून टाकते. एका वेळी दहा-पंधरा नियम पुरेत, आणि दिवस असा निवडावा की सकाळी बदल केल्यावर संध्याकाळपर्यंत आपण फोनजवळ असू. परत फिरण्याची ओळ, म्हणजे बदल रद्द करून नियम पुन्हा भरण्याची आज्ञा, आधीच लिहून ठेवावी.

रोखलेल्या घटनांच्या नोंदी जपाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. पेटीचे घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने, जुळलेले नसेल, तर त्या लॉगचा उपयोग वाद घालण्यापुरताच उरतो.

स्वतःचा नियम

तयार संचात नसलेली गरज शेवटी उरते. समजा हजेरीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या पानावर बाहेरून फाइल चढवता येते आणि विक्रेता दुरुस्ती द्यायला दोन महिने मागतो आहे. तोपर्यंत असा नियम लिहिता येतो:

ड्रॉप एचटीटीपी $एक्स्टर्नल_नेट एनी -> $होम_नेट एनी (एमएसजी:"स्थानिक हजेरी फाइल-चढवणे रोखले"; फ्लो:एस्टॅब्लिश्ड,टू_सर्व्हर; एचटीटीपी.मेथड; कंटेंट:"पोस्ट"; एचटीटीपी.यूआरआय; कंटेंट:"/हजेरी/अपलोड"; स्टार्ट्सविथ; एसआयडी:१००००१; रेव्ह:१;)

या ओळीत मी मुद्दाम एक चूक ठेवली आहे: क्रमांक सहा अंकी आहे. तो १०,००,००१ असायला हवा, नाहीतर तो स्थानिक नियमांच्या पट्ट्याबाहेर जातो. चुकून त्याच क्रमांकाचा दुसरा नियम संचात असेल, तर इंजिन दोघांपैकी एकच ठेवते. नियम दोन दिवस अलर्टवर चालवा, स्वतः बाहेरून ती विनंती पाठवून तो जुळतो हे पाहा, मग कृती बदला आणि 'रेव्ह' एकाने वाढवा. नियमाच्या वरच्या ओळीत टिप्पणी म्हणून तारीख, कारण आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. विक्रेत्याची दुरुस्ती बसली की पुन्हा चाचणी घेऊन नियम काढून टाका, आणि त्याचा क्रमांक नव्या नियमाला देऊ नका, कारण १८० दिवसांच्या लॉगमध्ये तो जुन्या अर्थानेच बसलेला असतो.